सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड

लग्नानंतर नवऱ्यानं मला आलापल्लीच्या पुढे, एटापल्लीच्या बाजूच्या एका गावी नेलं. तिथल्या एका सरकारी ऑफिसात तो कारकून होता. ऑफिस कोणतं ते सांगत नाही. जे झालं ते माणसांनी केलं, खात्याचा त्यात संबंध नाही. ऑफिसच्या मागं क्वार्टर्सची एक रांग होती, भिंतीला भिंत लागून. शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली की आमच्या घरात ठसका लागायचा. नळ सगळ्यांना मिळून एकच. मागच्या दारातून सूरजागडचे डोंगर दिसायचे, आणि रात्रीच्या पोलिसगाड्या मोजत बायका झोपायच्या.

मी वैनगंगेकाठची. बाप तलावात जाळं टाकायचा, भाऊ आजही टाकतो. आमच्या घरात बारावीपर्यंत शिकलेली मीच पहिली. नवराही आमच्याच समाजातला, पण तो चंद्रपूरला राहून शिकला होता आणि तिथं कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. त्या वेळी या गोष्टीला मोठा मान होता. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्यालाच बोलावून तो सुरू करायला लावला. खोक्यातून निघालेलं ते यंत्र टेबलावर बसलं, त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण आलं, खोलीला पडदा लागला. चपला बाहेर काढून आत जायचं, असाही नियम झाला होता. पासवर्ड टाकल्याशिवाय कॉम्प्युटर उघडायचा नाही. नवऱ्यानं पासवर्ड ठेवला त्याच्या गावच्या तलावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

आता ऑफिस म्हटल्यावर काम सगळ्यांनाच. ज्याला कॉम्प्युटर उघडायचा तो ह्याला हाक मारायचा. हा सुरुवातीला उठून जाऊन टाकून द्यायचा, मग कंटाळून बसल्या जागेवरून ओरडून सांगू लागला. महिन्याभरात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तो पाठ झाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्या गावच्या तलावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे याचं त्याला कौतुक होतं. घरी येऊन मला सांगायचा, "आज साहेबांनंबी टाईप केलं, पह्यल्याच झटक्यात बरोबर."

त्याच सुमारास बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवाल्यानं एक कॉम्प्युटर आणला. ते मुसलमान कुटुंब मूळचं बल्लारपूरकडचं. झेरॉक्स, फोन, थंड पेयं असा त्यांचा सगळा व्यवहार एकाच दुकानात होता. फोनच्या लाइनवरून इंटरनेट लागायचं. कधी लागायचं, कधी नुसता किर्र आवाज करून बंद पडायचं. कॉम्प्युटरपाशी बूथवाल्याची मुलगी बसायची. माझ्याच वयाची असेल. एका बाजाराच्या दिवशी नवरा मला तिथं घेऊन गेला आणि आम्हा दोघांचं मिळून एक मेलचं खातं उघडलं.

मुलीनं विचारलं, "पासवर्ड काय ठेवायचा?"

ह्यानं वाकून तलावाचं नाव सांगितलं, एक-दोन-तीनसकट. दुकानात झेरॉक्सला उभे असलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले.

"भाऊ, मोठ्यानं नका सांगू," ती म्हणाली. "मी सरकते बाजूला, तुम्ही स्वतःच टाका."

"इथी कोन चोर बसले हायेत?" तो हसला. मला म्हणाला, "ऑफिसचाच ठेवला. एकच बरा, ध्यानात राह्यते. तूबी इसरनार नाई."

मी विसरले नाही. मला तर ते खातं फार आवडलं. माझी शाळेतली मैत्रीण नागपूरला एका दवाखान्यात नर्स झाली होती. तिच्याकडे मेल होता. पत्र टाकलं तर पोचायला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता, आणि मेल मात्र मी बूथवरून निघून घरी पोचायच्या आत तिच्याकडे जायचा. मराठी अक्षरं टाइप करता यायची नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, एकेक बटण शोधत. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी पायाशी ठेवून मी तिथं बसायचे. बूथवाल्याच्या मुलीनं माझ्यासाठी खुर्चीच्या बाजूला एक पडदा ओढून घ्यायची सोय केली होती.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि मूल काही झालं नाही. कॉलनीत ही गोष्ट कोणी तोंडावर बोलायचं नाही, पण कळायची. कुणाकडं डोहाळजेवण असलं की मला बोलावणं यायचं, आणि ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी मला स्वयंपाकघरात काहीतरी बघायला पाठवायचं. लहान मूल माझ्याकडं रांगत आलं तर त्याची आई हसतच त्याला उचलून घ्यायची. सासू गावाहून यायची तेव्हा गंडेदोरे आणायची. सोमवार, चतुर्थी, शनिवार असे उपास मी धरत गेले. धरलेला उपास सोडायची भीती वाटायची, त्यामुळे ते वाढतच गेले. नवऱ्याला ते बघवत नव्हतं. त्यानंच चंद्रपूरच्या एका डॉक्टरांचं नाव काढलं आणि म्हणाला, दोघंही तपासून घेऊ.

तपासलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की माझं सगळं ठीक आहे, अडचण नवऱ्यात आहे. चांगले होते डॉक्टर. हळू बोलले, समजावून बोलले. हा मान डोलवत होता. परत येताना एसटीत खिडकीपाशी बसला आणि आलापल्लीपर्यंत बाहेर बघत राहिला. सागाची झाडं संपेचनात. मी त्याच्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली, ती त्यानं तशीच धरून ठेवली.

घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "कोनाले सांगू नको."

"नाई सांगत," मी म्हटलं. "आईंनाबी नाई."

"आईले तर अजिबात नको."

नंतर बरेच दिवस त्यावर बोलणं नाही. मग एका संध्याकाळी जेवताना ताटाकडं बघतच म्हणाला, "तुही मैत्रीण दवाखान्यात हाये ना. तिले इचारून पाह्य. नागपुरात काही इलाज असन तर."

"फोन करू?"

"फोन नको. बूथवर सारे आयकतात. मेल कर. मेल म्हनजे तिले अन आपल्यालेच मालूम."

म्हणून मी लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं, औषधांची नावं लिहिली. आणि मग हात थांबला नाही. तो आता भिंतीकडं तोंड करून झोपतो, न्हाणीत बादलीत पाणी सोडून रडतो म्हणजे आवाज बाहेर येऊ नये, पण भिंत पातळ आहे, मला ऐकू येतं, हेही लिहिलं. "माझ्यात काही दोष नाही, तरी उपास सुटत नाहीत," असंही लिहिलं. हे कुणापाशी बोलायला मला माणूसच नव्हतं. पडद्यामागं बसून एकेक बटण दाबताना मला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

पुढच्या बाजाराला गेले तर तिचं उत्तर आलेलं होतं. न वाचलेल्या मेलचं नाव जाड अक्षरांत दिसतं हे मला माहीत होतं. हे मात्र बारीक अक्षरांत होतं, म्हणजे कुणीतरी आधीच उघडलेलं. मला वाटलं, ह्यानं वाचलं असेल. ऑफिसच्या कामानं तो मधूनमधून आलापल्लीला जायचा, तिथं उघडलं असेल. तिनं फार मायेनं लिहिलं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, नागपूरला या, मी सोबत येते, असं. हे त्यानं वाचलं म्हणून मला उलट बरं वाटलं. त्याला विचारलं नाही. म्हटलं, त्याला बोलायचं असेल तेव्हा बोलेल.

त्यानंतर काही दिवसांनी रांगेतल्या एका घरी बारसं होतं. मी गेले, आणि सवयीनं मागं, दाराशी बसले. पाळणा झाला, नाव ठेवून झालं. तेवढ्यात मोठ्या बाबूंची बायको उठली. मोठे बाबू म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने कारकून, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. तिच्या शब्दाला रांगेत मान होता. तिनं पाळण्यातलं बाळ उचललं, बायकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे माय, घे लेकराले," ती म्हणाली. "किती दिवस अशी मांगं मांगं बसशीन? दोष तुह्यात नाई, आमाले आता मालूम हाये. काऊन ते उपास करून राह्यली? सोड ते."

बाजूच्या बायका मान हलवत होत्या. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसरी पदर तोंडाला लावून हसली, माझ्याकडं बघून नाही, दुसऱ्याच कुणाची तरी आठवण येऊन हसावं तशी.

त्या क्षणी आधी काय वाटलं ते सांगते, कारण त्याचीच लाज मला सगळ्यांत जास्त वाटत आली आहे. मला बरं वाटलं. बाळ उबदार होतं, त्याच्या टाळूला तेलाचा वास होता, आणि इतक्या वर्षांनी ते कुणी माझ्याकडून काढून घेत नव्हतं. मी त्याला छातीशी धरलं. ते सुख किती टिकलं असेल, एखाददुसरा श्वास. मग मला कळलं की हे सुख मला कशाच्या बदल्यात मिळालंय. "दोष" आणि "उपास" हे दोन शब्द मी एकत्र एकाच ठिकाणी, त्या मेलमध्ये, लिहिले होते. बाळाला त्याच्या आईकडं दिलं, डोकं दुखतंय म्हणाले, आणि पेढाही न घेता निघाले. आमच्या दारापर्यंत येताना वाटेत दोन घरांच्या ओट्यांवर माणसं बसली होती. मी खाली बघत आले.

माझा पहिला संशय बूथवाल्याच्या मुलीवर गेला. दुसरं कोण त्या कॉम्प्युटरपाशी असतं? संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी पाणी द्यायच्या आधीच म्हटलं, "त्या पोरीनं आपला मेल वाचला. सगळ्या लाइनीले सांगितलं."

तो खुर्चीवर बसला. चप्पल काढायची राहून गेली.

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "साऱ्याइले मालूम झालं ते."

"तुम्हाले कधी समजलं?"

"झाले बरेच दिवस. ऑफिसात मी आलो का बोलनं बंद होते. परवा डब्बा उघडला तर भाऊ म्हनते, बाबू, उडदाचे लाडू खात जा, ताकत येते. सारे हासले." मग पायातल्या चपलेकडं बघत म्हणाला, "मले वाटलं, तूच सांगितलं बायाइले."

"मी?"

"नळावर. तुले सारे बोलतात म्हनून. कटाळून सांगितलं असशीन, असं वाटलं."

इतके दिवस तो माझ्या हातचं जेवत होता आणि मनात हे धरून बसला होता. आणि मला रागही येत नव्हता, कारण बारशाच्या घरी मला काय वाटलं होतं ते मला ठाऊक होतं. त्याला मी बारशाचं सांगितलं. मोठ्या बाबूंची बायको शब्दाशब्दानं काय म्हणाली तेही सांगितलं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"त्या पोरीनं नाई वाचलं," तो म्हणाला.

"मंग?"

"ऑफिसात फोनची लाइन जोडली ना कॉम्प्युटरले. मीच जोडून देल्ली. मीच भाऊले दाखवलं मेल कसा उघडते. आपला मेल उघडून दाखवला." मग अगदी हळू म्हणाला, "पासवर्ड तर तोच हाये. ऑफिसचाच."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कॉम्प्युटर शिकलेला तो एकटा होता. सगळ्यांना त्यानं शिकवलं होतं. त्याच्या गावच्या तलावाचं नाव सगळ्यांनी त्याच्याकडूनच पाठ केलं होतं, आणि आमच्या घराला बाहेरून लागणारी कडी म्हणून त्यानं तेच नाव लावलं होतं. मी त्याच्या पायातली चप्पल काढली. त्याच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती, आणि त्याचीही माझ्याकडं बघायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून तो माझ्यासोबत बूथवर आला. पासवर्ड बदलायचा कसा हे त्यालाही येत नव्हतं. कोर्समध्ये शिकवलं होतं, पण तो कधी बदललाच नव्हता. बूथवाल्याच्या मुलीला विचारायला लागलं. आदल्या दिवशी मी तिच्यावर घेतलेला संशय तिला माहीत नव्हता, तरी तिच्या डोळ्याला डोळा देणं मला जड गेलं. तिनं काही विचारलं नाही. कुठं काय दाबायचं ते दाखवलं. पुढं म्हणाली, "ताई, खाली तो प्रश्न आहे ना, पासवर्ड विसरला तर विचारतो तो? त्याचं उत्तर काय दिलंय?"

प्रश्न होता, तुमचं जन्मगाव कोणतं. उत्तर ऑफिसातल्या कुणालाही देता आलं असतं.

"तोबी बदला," ती म्हणाली. "नाहीतर तिकडून उघडतील." आणि उठून दुकानाच्या दाराशी, आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. जुना पासवर्ड टाकला. नवीन काय टाकायचा? त्याचं गाव सगळ्यांना माहीत. माझं गाव माहीत. कुलदैवत माहीत, लग्नाची तारीख माहीत, आईबापांची नावं रेशनकार्डावर. एका नळावर पाणी भरणाऱ्या माणसांपाशी दुसऱ्या कुणाला माहीत नाही असं असतं तरी काय? एक गोष्ट होती, तीही गेली होती. मधेच लाइन तुटली. मुलीनं येऊन परत जोडून दिली आणि पुन्हा दाराशी गेली.

"तूच टाक," तो म्हणाला.

"काय टाकू?"

"मनात येईन ते. मले नको सांगू."

"असं कसं? दोघांचं खातं आहे."

"नको सांगू मले," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, विनवल्यासारखा. "मी कुठी ना कुठी बोलून टाकीन. मी उठतो." आणि तो खरंच उठून त्या मुलीच्या शेजारी, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

मी एकटी बसले. लग्नानंतर माझी पेटी, माझ्या बांगड्या, माझी दुखणी, सगळं त्याच्या घरात उघडं होतं, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता मी एक शब्द तयार करत होते, जो नवऱ्यालाही ठाऊक नसणार होता. आपण चोरी करतोय, घरात मधोमध भिंत घालतोय, असं वाटत राहिलं. शब्द दोनदा टाकायचा असतो. दुसऱ्यांदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून टाकला. झालं म्हणून स्क्रीनवर लिहून आलं तेव्हा मी मैत्रिणीला पाठवलेलं, खात्यात तसंच राहिलेलं ते जुनं पत्र शोधलं आणि पुसून टाकलं. पुसून काय होणार होतं. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

सोमवारी त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरचाही पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही. दुपारपर्यंत कामं अडली. साहेब बाहेर आले, ओरडले. त्यानं साहेबांना आत जाऊन कानात सांगितला. बाकीचे उभेच. मोठे बाबू मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काऊन हो बाबू, आता आमच्यावर भरोसा नाई वाटते?"

"नाई," तो म्हणाला.

एवढंच. हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यात शौर्य केल्याचा आव नव्हता. मोठे बाबू त्याच्यापेक्षा वयानं मोठे, त्याच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याला घरी जेवू घालणारे. त्यांना सगळ्यांसमोर असं बोलायची त्याला सवय नव्हती. आणि ते "नाई" काही उपयोगाचंही ठरलं नाही. आठवड्याभरात वरून तक्रार आली की काम खोळंबतंय, आणि साहेबांनी नवा पासवर्ड कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या झाकणावर चिकटवायला लावला. तो त्यालाच चिकटवावा लागला.

एका दुपारी मोठ्या बाबूंची बायको आमच्या दाराशी आली. हातात झाकलेली वाटी होती. मी दारातच उभी राहिले. तिला वाटलं असेल मी बाजूला होईन, पण मी झाले नाही.

"माह्या नवऱ्यानं वाचलं," ती म्हणाली. "घरी येऊन सांगितलं. मी बायाइले सांगितलं. मले वाटलं, तुह्यावरचा बोल तरी जाईन. तुले सारे बोलत होते ना."

मी दाराची चौकट सोडली नाही.

"तसं नव्हतं करा लागत," ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "माह्या भावाचं लगन होऊन सात वर्सं झाली. बायकोले माहेरी धाडून राह्यले ते. तो चंद्रपूरचा डॉक्टर... पत्ता देशीन काय?"

मी पत्ता दिला. दवाखान्याकडं जायचा रस्ता, कोणत्या दिवशी जायचं, सगळं नीट सांगितलं. पण दारात उभं राहूनच. आत ये म्हणाले नाही, बस म्हणाले नाही, वाटी घेतली पण चहा विचारला नाही. आमच्याकडं दाराशी आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. ती गेली, तिचा पदर नळाजवळ वळेपर्यंत मी बघत राहिले. तिला हाक मारून बोलवावं असं मनात येत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. पुढं त्या भावाचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

नागपूरला आम्ही जाऊन आलो, मैत्रीण सोबत होती. इलाज केला, वर्षभर औषधं घेतली. गुण आला नाही. त्यानंतर त्यानं बदलीचा अर्ज केला आणि आम्ही गडचिरोलीला आलो. इथं घर स्वतंत्र मिळालं, नळही घरात. माझं खातं मी वेगळं केलं, त्यानं त्याचं वेगळं. दर काही महिन्यांनी मी पासवर्ड बदलते, एकासारखा दुसरा ठेवत नाही. तोही बदलतो. एकमेकांना विचारत नाही. बँकेचं आलं, मोबाइलचं आलं, तेव्हा त्याच्या ऑफिसातली नवीन मुलं त्याला हसायची म्हणे, की बाबू बटणं दाबताना दुसऱ्या हातानं झाकतात. तो हसू द्यायचा.

गडचिरोलीत आमचं कुणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे इथल्या लोकांनी दोष पुन्हा माझ्याकडंच दिला. मला ते चालत होतं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. त्या बारशाच्या घरचं फेडतेय असं वाटायचं.

मग एकदा त्याच्या गावी पुतणीचं लग्न होतं. अंगणात पंगत बसली होती. हा बादलीतून वरण वाढत होता, मी पुऱ्या. सासू ओट्यावर नात्यातल्या बायकांमध्ये बसली होती. तिच्या चुलतबहिणीनं विषय काढला. माझ्याकडं हात करून म्हणाली, हिच्या पोटी काही लागत नाही, पोराचं वय जाऊन राह्यलं, दुसरी करा त्याले, मुलगी मी पाहते. सासूनं उसासा टाकला. नाही म्हणाली नाही.

त्यानं बादली खाली ठेवली.

"दुसरी करून काई होनार नाई, मावशी," तो म्हणाला. "दोष माह्यात हाये. डॉक्टरनं सांगितलं हाये. हिच्यात काई नाई."

पंगतीतली माणसं जेवायची थांबली. कुणाचा तरी घास हातात राहिला. त्यानं बादली पुन्हा उचलली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. लोक म्हणतील, त्या वेळी तुझी मान ताठ झाली असेल. नाही झाली. मी मान खाली घातली. पुऱ्यांची परात घेऊन कुठं जावं ते सुचेना. त्यानं हे बोलायला नको होतं, एवढंच डोक्यात होतं. आपल्या माणसाला भर अंगणात उघडं उभं राहिलेलं बघवत नाही, मग त्यानं स्वतःहून का असेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीपाशी पाणी तापवत होते. सासू आली आणि शेजारी बसली. बराच वेळ लाकडं आत सारत राहिली. मग म्हणाली, "किती वर्सं झाली तुमाले मालूम होऊन?"

मी सांगितलं.

"मले काऊन नाई सांगितलं?" ती म्हणाली. "मी तुले इतके उपास करा लावले. मले तं सांगा लागत होतं."

त्या लांबच्या कॉलनीत शिपायाच्या बायकोपासून साहेबांच्या बायकोपर्यंत सगळ्यांना जे माहीत झालं होतं, ते ज्या बाईनं त्याला जन्म दिला तिला काल पंगतीत, परक्यांसोबत कळलं होतं. पाणी उकळायला लागलं होतं. मला तिच्याकडं बघता आलं नाही. मी पातेलं उतरवलं, आणि तिला आंघोळीला गरम पाणी काढून दिलं.